दोंडाईच्याची गाडी, यावलचं पाणी

गळकं काय आणि कोरडं काय, हे कोकणातल्या माणसाला कुणी शिकवायची गरज नाही, अशी गेल्या मे महिन्यापर्यंत माझी समजूत होती. आमच्या चिपळूणच्या बाजूला चार महिने भिंतींना घाम फुटतो, कपाटातल्या चपलांवर हिरवी लव उगवते आणि काडेपेटी चुलीजवळ ठेवली नाही तर सकाळचा चहा दुपारी होतो. अशा मुलखात चौसष्ट वर्षं काढलेलं माझं नाक बंद खोलीचं दार उघडताक्षणी ओल कुठल्या कोपऱ्यात आहे ते सांगतं. हे नाक घेऊन मी खानदेशात एक जुनी गाडी बघायला गेलो. तिथे त्या नाकाची काय शोभा झाली, ते सांगणार आहे.

गाडी कशाला, ते आधी सांगायला हवं. माझी बायको शुभदा अठ्ठावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवत होती. मी त्याच शाळेत क्लार्क होतो, म्हणजे तिचे नकाशे हरवले की शोधून द्यायचं काम माझं. तापी आणि नर्मदा पश्चिमेकडे वाहतात हे तिने शेकडो पोरांकडून घोकून घेतलं, पण स्वतः या दोन्ही नद्या पाहिल्या नव्हत्या. निवृत्त झालो की सगळा नकाशा पायाखाली घालायचा, असं आमचं ठरलं होतं. आणि नेमका निवृत्तीच्या वर्षीच तिला लघवीचा त्रास सुरू झाला. हे तिच्या परवानगीने लिहितो आहे. "लिहा, माझ्यासारख्या पुष्कळजणी आहेत," असं ती म्हणाली. दर अर्ध्या-पाऊण तासाला जावं लागतं, आणि जावं लागतं म्हणजे त्याच मिनिटाला. औषधं झाली, व्यायाम झाले, थोडा उतार पडला तेवढाच.

एसटी बंद झाली, भाड्याची मोटार बंद झाली. रेल्वेच्या डब्यात सोय असते म्हणून रेल्वे तेवढी राहिली. त्यामुळे गेल्या सहा वर्षांत आम्ही जो भारत पाहिला, तो स्टेशनापासून रिक्षाने दहा मिनिटांच्या आतला. पुढेपुढे तेही नको झालं. "तुम्ही जाऊन या, मला फोटो दाखवा," असं ती म्हणायला लागली आणि एक दिवस तिने सगळे नकाशे बांधून माळ्यावर टाकले. मला ते बघवलं नाही.

मग माझ्या भाच्याने मोबाईलवर ही जाहिरात दाखवली. दोंडाईच्याला एक जुना कॅम्पर विकायचा आहे. मोठी टेम्पो ट्रॅव्हलर, आत चार माणसं झोपतील अशा फळ्या, ओटा, आणि मागे कपाटाएवढं का होईना, पण शौचालय. फोनवर मालक म्हणाले की गाडीच्या आत पाण्याचा थेंब कधी आलेला नाही. जाणकार सांगत होते की जुन्या कॅम्परमध्ये पाणीच बघायचं. इंजिन दुरुस्त होतं, पण प्लायच्या भिंतीत पाणी शिरलं की ती आतून कुजते आणि वरून गुळगुळीत दिसते. आमच्या गाठीला होतं ते एकाच गाडीपुरतं होतं. ही फसली असती तर दुसरी नाही, आणि शुभदा कायमची घरात.

जळगाव

दोन गाड्या बदलून आम्ही पहाटे जळगावला उतरलो. आठ वाजेपर्यंत ऊन असं होतं की आमच्याकडे बारालाही नसतं. बाया डोक्यापासून हनुवटीपर्यंत ओढण्या गुंडाळून स्कूटर चालवत होत्या, फक्त डोळे दिसत. अकरानंतर रस्ता ओस. हॉटेलच्या पोऱ्याने आम्हाला सांगितलं की पाचपर्यंत बाहेर पडू नका, बाहेरगावची माणसं हमखास आजारी पडतात.

खिडकीतून समोरची इमारत दिसत होती. प्रत्येक खिडकीला एकेक कूलर लटकलेला, आणि प्रत्येकाखाली भिंतीवर पांढरे ओघळ. मला त्याचं हसू आलं. आमच्याकडे भिंत ओली दिसली की माणूस शिडी आणायला धावतो, इथे माणसं विकत आणून पाणी भिंतीवर सोडतात. शुभदाने मात्र ते ओघळ बराच वेळ पाहिले. मी ते विसरूनही गेलो.

भांडण झालं ते दुपारी. पुढची गाडी दोनची होती आणि ती पाणी प्यायला तयार नव्हती. गाडीत सोय आहे, पण दोंडाईच्याला उतरल्यावर गाडीमालक शेठजींच्या घरापर्यंत काय, हा तिचा हिशेब. त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत ती नुसते ओठ भिजवत होती. मी ओरडलो, ती रडली नाही, पण तोंड फिरवून बसली. सहा वर्षं ती प्रवासाच्या दिवशी अशीच तहानलेली राहते. मी हे लिहितो आहे कारण बरोबरच्या माणसाला ते दिसत असूनही करता काही येत नाही.

दोंडाईचा

दोंडाईच्याच्या स्टेशनावर उतरल्याबरोबर माझं नाक गेलं. मिरचीचं गाव हे. शेठजींचं घर मिरचीच्या गोदामाला लागून आणि गाडी गोदामाच्या पत्र्याखाली. मी दारात अकरा शिंका दिल्या. ज्या नाकाच्या भरवशावर चिपळूणहून निघालो होतो ते लाल होऊन दोन दिवस नुसतं गळत राहिलं. संपूर्ण दोंडाईच्यात गळणारी तेवढी एकच वस्तू होती.

शेठजींचं नाव पारसमल. सत्तरीचे, पांढरे कपडे, बोलणं हळू आणि मोजकं. तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं जैन कुटुंब. त्यांनी आधी शुभदाला आत नेऊन न्हाणीघर दाखवलं, न विचारता. भाच्याने फोनवर सांगून ठेवलं होतं बहुतेक. बाहेर येऊन ती माझ्याकडे बघून हसली, आणि मला ते घर तिथेच आवडलं.

गाडीची कथा ऐकण्यासारखी होती. जैन साधू-साध्वी वाहनात बसत नाहीत. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर वर्षभर या गावाहून त्या गावाला अनवाणी चालत जातात. त्याला विहार म्हणतात. बरोबर चालणाऱ्या श्रावकांच्या, म्हणजे गृहस्थ भक्तांच्या, सोयीसाठी शेठजींनी ही गाडी बांधून घेतली होती. वाटेत कुणाचे पाय सुजले तर टेकायला, स्वयंपाकाला, बायकांच्या अडचणीला. साधूंनी कधी तिला हातही लावला नाही, पण बारा वर्षं गाडी त्यांच्या पुढे-मागे चालत राहिली. आता शेठजींना एवढं चालवत नव्हतं आणि मुलं सुरतेला स्थायिक झाली होती.

"गाडी कधी पळालीच नाही," शेठजी म्हणाले. ते जेवढ्या अभिमानाने म्हणाले तेवढ्याच दुःखाने त्यांच्या मागे उभा असलेला ड्रायव्हर भटूभाऊ मान हलवत होता. पन्नाशीचा, काटक, मिशीवाला माणूस. नंतर त्याने शुभदाला एकटीला गाठून मन मोकळं केलं. "बारा वरीसपासून मी दुसरा गिअरमा गाडी चालाडस, अक्का. तिसरा गिअर कसा ऱ्हास, मी भुली गऊ."

मी तपासणी सुरू केली. बॅटरी, स्क्रू-ड्रायव्हर, वर्तमानपत्रं, कापूस, सगळं आणलं होतं. छताचे सांधे पाहिले, खिडक्यांचं रबर दाबलं, गाद्या उचलून खालची फळी ठोकून पाहिली. शेवटी आमच्या आजोळची खात्रीची परीक्षा. कपाटात वाटीभर मीठ ठेवून दार लावायचं. जिथे ओल असेल तिथे सकाळी मिठाला पाणी सुटतं. शेठाणींनी मीठ कशाला ते विचारलं आणि सांगितल्यावर तोंडाला पदर लावून आत गेल्या. आतून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता.

सूर्यास्ताच्या आत जेवायचं म्हणून सहाला पानं वाढली. दाल-बाटी, शेवेची भाजी, कांदा-लसूण नाही, बटाटाही नाही, आणि तरी मी चार बाट्या खाल्ल्या. पाणी गाळलेलं, उकळलेलं, आणि भांड्यात घेतलेलं टाकायचं नाही. शेठजी जेवून झाल्यावर ताटात थोडं पाणी घालून ताट धुऊन ते पिऊन टाकत. मला कोकणातलं आमचं अंगण आठवलं, जिथे नळ चालू ठेवून आम्ही शेजाऱ्याशी गप्पा मारतो. थोडी लाज वाटली.

सकाळी मीठ पाहिलं. रात्री ठेवलं त्याहून कोरडं. वाळूसारखं बोटांतून सुटत होतं. मी जाहीर केलं की गाडी कोरडी आहे, फक्त आता छतावर तासभर पाणी सोडून बघायचं राहिलं.

हे ऐकून सगळे अडचणीत पडले. त्या आठवड्यात नळाला पाणी आलेलं नव्हतं, हे एक. पण शेठजींची अडचण निराळी होती. पाण्यात जीव असतात असं ते मानतात, म्हणून लागेल तेवढंच वापरायचं, आणि हा कोकणातून आलेला माणूस सांगतो की तासभर पाणी नुसतं गाडीवर ओता. ते मला नाही म्हणाले नाहीत. जपमाळ हातात घेऊन थोडा वेळ येरझारा घातल्या. मग त्यांनी यावलला फोन लावला. तिथे त्यांच्या जुन्या ओळखीच्या वासुदेव नानांची केळीची बाग होती. ठरलं ते असं, की जे पाणी नाहीतरी केळीला जायचंच आहे, ते जाता जाता गाडीवरून गेलं तर त्यात वाया काही जात नाही. असा उपाय मला सात जन्मांत सुचला नसता.

यावलच्या वाटेवर

सव्वाशे किलोमीटर. शुभदाला मी म्हटलं, तू इथेच शेठाणींपाशी थांब, मी बघून येतो. ती म्हणाली, "गाडीत आहे ना सोय? मग ती पण तपासायला नको का?" आणि पिशवी घेऊन वर चढून बसली. शेठजी स्वतःचा डबा आणि पाण्याची बाटली घेऊन पुढे बसले.

गावाबाहेर पडल्यावर भटूभाऊने तिसरा गिअर टाकला, मग चौथा. आरशात त्याचं तोंड दिसत होतं. देवळात गेल्यासारखं झालं होतं. शेठजींनी दोनदा 'हळू' म्हटलं, तिसऱ्यांदा त्यांनीही नाद सोडला.

पहिल्या वीस मिनिटांत शुभदा दोनदा मागे जाऊन आली. एकदा गरज म्हणून आणि एकदा, मला वाटतं, नुसतं दार लावता येतं का ते पाहायला. कुणी वळून पाहिलं नाही. तिसऱ्या वेळेनंतर ती परत येऊन खिडकीशी बसली ती पाय वर घेऊन, मुलीसारखी. तापीचा पूल आला. बंधाऱ्यामुळे मे महिन्यातही पाणी होतं, रुंद, संथ, उन्हाने पांढरं झालेलं. तिने भटूभाऊला गाडी सावकाश घ्यायला सांगितली. दुसऱ्या गिअरला जाणं त्याच्या जिवावर आलं, पण त्याने घेतली. ती एक हात खिडकीबाहेर काढून नदीकडे बघत होती आणि दुसऱ्या हाताने तिने शेठजींकडे पाण्याची बाटली मागितली. ती बाटली तिने अर्धी संपवली. मी तिकडे पाहिलं नाही असं दाखवलं. पाहिलं असतं तर मलाच काहीतरी झालं असतं.

पुढे सातपुडा डाव्या हाताला धरून रस्ता. डोंगर निळे, खाली केळी हिरव्या, मधली जमीन तापलेली. आमच्याकडे हिरवं आपोआप असतं, म्हणून कुणी त्याच्याकडे पाहत नाही. इथे प्रत्येक हिरव्या पानाखाली एक नळी असते आणि नळीच्या टोकाला एक माणूस जागा असतो.

यावल

वासुदेव नाना बांधावरच उभे होते. धोतर, बनियन, डोक्याला रुमाल. "या बाप्पा, या," म्हणून त्यांनी आम्हाला आंब्याच्या सावलीत बसवलं. त्यांच्या घरच्या अक्कांनी आमरस आणि खापरावरचे मांडे केले होते. आखाजी, म्हणजे इकडची अक्षय्य तृतीया, नुकतीच होऊन गेली होती, पण तिचं पुरण अजून घराला सोडायला तयार नव्हतं. हा मांडा म्हणजे हातावर फिरवून फिरवून उपरण्याएवढी केलेली पुरणपोळी, उलट्या घातलेल्या मडक्यावर भाजलेली. आमच्या बायका पुरणपोळीला लाटणं लावतात हे ऐकून अक्कांना आमची दया आली. शेठजींनी आपला डबा उघडला आणि आमरसाकडे फक्त एकदा पाहिलं.

चार वाजता विहिरीवरची मोटार सुरू केली. गाडी बागेच्या वरच्या अंगाला तिरकी उभी केली होती, म्हणजे छतावरचं पाणी खाली उतरून सरळ केळीच्या ओळीत जाईल. भटूभाऊ शिडीवर पाइप धरून. मी आत, सगळ्या फळ्यांवर वर्तमानपत्रं पसरून, बॅटरी घेऊन. तासभर छतावर ताशा वाजत होता. कोकणातला आषाढ मी यावलच्या मे महिन्यात ऐकला. आणि वर्तमानपत्रावर एक थेंब नाही. मी बाहेर येऊन दोन्ही हात वर केले. शेठजींनी खिशातून खडीसाखर काढून सगळ्यांना वाटली. पाणीही केळीला पोचलं होतं. नाना खूश होते.

त्याच वेळी नाना आत डोकावले आणि उकाड्याने मागे सरले. म्हणाले, गाडी चांगली हाये, पन उन्हायात हिच्यात मानूस कसा बसे? भटूभाऊला हा गाडीचा अपमान वाटला. त्याने शिडीवरूनच सांगितलं, "उनाळामा आठे कूलर लायेल व्हता, नाना. बठ्ठासले थंडी वाजे."

सगळ्यांना थंडी वाजायची हे ऐकून मीही कौतुकाने मान हलवली. शुभदाने नाही हलवली. तिने विचारलं की कूलर कुठे होता. भटूभाऊने मधल्या खिडकीकडे बोट केलं. तिथे आता पत्रा लावून वरून रंग दिला होता. मग तिने शाळेत विचारायची त्या आवाजात विचारलं, "आणि त्याचं पाणी कुठे जायचं?"

"खाले," भटूभाऊ म्हणाला.

"खाली म्हणजे कुठे?"

बारा उन्हाळे विहाराच्या मुक्कामांवर कूलर चालला होता. गावात गाडी लावायची, वीज घ्यायची, टाकीत बोअरचं पाणी भरायचं. ते कुठे जातं हे पाहण्याचं कुणाला कारण नव्हतं. शुभदा खिडकीखालच्या फळीशी गुडघे टेकून बसली. फळी आणि भिंत यांच्या फटीत तिने बोट घातलं, बाहेर काढलं आणि माझ्यासमोर धरलं. बोटाला पांढरी पूड लागली होती.

"हे पावसाचं नाही. पावसाच्या पाण्यात क्षार नसतात," ती म्हणाली. "जळगावला खिडक्यांखाली होतं ना, तेच."

मी स्क्रू काढले. प्लायचा तक्ता ओढल्याबरोबर हातात चुरा आला. वरून कुठेही फुगवटा नव्हता. दोन-अडीच हात लांबीची भिंत आणि तिच्यामागचं लाकूड आतून रवाळ झालं होतं, पण असं ठणठणीत कोरडं की मिठालाही त्याचा पत्ता लागला नसता. कूलरने ती रोज रात्री भिजवली आणि खानदेशच्या उन्हाने रोज दुपारी वाळवली. मी आयुष्यभर पावसाकडे बघत आलो. गाडी उन्हाळ्याने कुजेल हे माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. आणि त्यांच्याही नव्हतं. गळते का, असं मी शेठजींना, भटूभाऊला, शेठाणींना, सगळ्यांना विचारलं होतं आणि सगळ्यांनी खरंच सांगितलं होतं. कूलरच्या पाण्याला त्या मुलखात कुणी गळती म्हणत नाही. त्याला गारवा म्हणतात.

शेठजी आत आले. त्यांनी चुरा हातात घेतला, बोटांनी चोळला. मग चपला काढून माझ्यासमोर उभे राहिले आणि हात जोडले. "मी तुम्हाला सांगितलं, थेंब आत आला नाही. असत्य बोललो. माहीत नव्हतं, तरी बोललो तर खरं. मिच्छामि दुक्कडम्, क्षमा असावी." सत्तरीचा माणूस आपल्यापुढे असे हात जोडतो तेव्हा काय करायचं असतं, मला माहीत नाही. मी त्यांचे हात धरले. ते पुढे म्हणाले की भिंत मी नवी करून देतो, आणि तुम्हाला नकोच असेल तर ही गाडी आता मी दुसऱ्यालाही विकणार नाही.

मी शुभदाला घेऊन केळीत गेलो. मला संताप आला होता, आणि तो बहुतेक माझ्या नाकावर होता. मी तिला म्हटलं, ही गाडी घ्यायची नाही. एका ठिकाणी कुजली ती आणखी किती ठिकाणी कुजली असेल. आपल्याला एकदाच घेता येणार आहे. परत जाऊ, दुसरी शोधू. मला वाटलं, ती नेहमीसारखं बरं म्हणेल. सहा वर्षं ती सगळ्याला बरं म्हणत आली होती.

ती केळीच्या बुंध्याला टेकून उभी होती. तिने आधी विचारलं की आणखी कुठे कूलर लावला होता का. मी म्हटलं, नाही. "मग कुजली ती तेवढीच. मीच शोधली ना? म्हणजे मला कळत नाही असं नाही," ती म्हणाली. "तुम्ही गाडी तपासत होतात. मी बघत होते की मला जमतंय का. सव्वाशे किलोमीटर आले. पाच वेळा उठले. कुणाला थांबवावं लागलं नाही, कुणाची माफी मागावी लागली नाही. भिंत बदलता येते हो. माझं मूत्राशय कुठला सुतार बदलणार आहे?"

मी हसलो. मग हसता हसता मला रडू आलं, आणि केळीच्या बागेत साठीच्या पुढचा माणूस रडताना बघून पाइप गुंडाळणारा भटूभाऊ दुसरीकडे बघायला लागला. आम्ही परत गेलो आणि शेठजींना सांगितलं की गाडी आमची.

यावलच्या सुताराला पाच दिवस लागले. तेवढे दिवस आम्ही नानांकडेच राहिलो. त्यांनी जाऊच दिलं नाही. कुजकं सगळं काढलं, मागचं लोखंड घासून रंगवलं, प्लायऐवजी पाण्याला दाद न देणारा बोर्ड बसवला. शुभदाने बाकीच्या सगळ्या भिंती बोटाच्या पेरांनी ठोकून घेतल्या, सुतार तिच्यामागे शिष्यासारखा. शेठजी चौथ्या दिवशी बसने आले, नव्या भिंतीवरून तळहात फिरवला आणि मगच कागदांवर सही केली. त्यांच्या मनाला मात्र अजून लागून राहिलं असावं. पाचव्या दिवशी भटूभाऊ दोंडाईच्याहून आला तो तोच कूलर घेऊन. शेठजींनी भेट पाठवला होता. कूलरशिवाय गाडी द्यायची हे त्यांना चुकल्यासारखं वाटत होतं. मी तो घेतला. आमच्या दमट हवेत त्याचा शून्य उपयोग आहे. सध्या तो पडवीत आहे आणि त्यात मांजर व्यालं आहे.

धुळ्याच्या अलीकडे

एवढी मोठी गाडी घाटातून न्यायची माझी छाती नव्हती. भटूभाऊ चिपळूणपर्यंत पोचवायला निघाला. त्याला समुद्रही पाहायचा होता आणि पाचवा गिअरही. एरंडोलहून आत वळून आम्ही पद्मालयाचा गणपती केला. तिथे रेल्वे जात नाही, एवढ्याच कारणासाठी शुभदाला तिथे जायचं होतं. तळ्यात कमळं थोडी होती. ती पायऱ्यांवर तासभर बसली आणि घड्याळ पाहिलं नाही.

नंतर महामार्गाला लागलो. धुळं जवळ आलं असेल. मला डुलकी लागत होती आणि मागून ती एकदम म्हणाली, "भाऊ, गाडी थांबवा."

हे दोन शब्द सहा वर्षं आमच्या घरात एकाच अर्थाने येत. ते ऐकले की आडोसा कुठे आहे, माणसं किती आहेत, मी डोळे फिरवायला लागतो. गाडीत सोय आहे हे त्या क्षणी मी साफ विसरलो. भटूभाऊने कडेला घेतली, आणि आम्ही दोघंही सवयीने खाली उतरून गाडीकडे पाठ करून शेताकडे बघत उभे राहिलो. नांगरलेलं रान, लांब एक बोरीचं झाड. बरीच मिनिटं गेली. शौचालयाचं दार वाजल्याचा आवाज आला नाही. शेवटी मी भीतभीत मागे वळून पाहिलं.

गाडीत कुणी नव्हतं. ती उतरून रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला उन्हात उभी होती, पदर डोक्यावर, हात कमरेवर. तिच्यासमोर सपाट माळावरून काळ्या कातळाची एक सरळ भिंत निघाली होती आणि नजर पोचेल तिथपर्यंत तशीच गेली होती, कुणी माणसानेच बांधत नेल्यासारखी. मी धावत रस्ता ओलांडला आणि तिला काय झालं ते विचारलं.

"डाईक आहे हा," ती म्हणाली. "जमिनीला भेग पडते, त्यात लाव्हा भरतो आणि थिजतो. मग बाजूची जमीन झिजून जाते आणि हा राहतो." तिने मान वर करून त्याच्या माथ्यापर्यंत पाहिलं. "अठ्ठावीस वर्षं फळ्यावर काढला. फारच बुटका काढत होते हो मी."